पट भरणाऱ्या बाई

“घरात शिकण्याजोगं कोण आहे?” चप्पल काढायच्या आधी बाई हे विचारायच्या. आमच्या धायरीतल्या घरासमोर पाचवी ते सातवीची छोटी सरकारी शाळा, तिच्या त्या मुख्याध्यापिका. पट कमी पडला तर शाळेला कुलूप लागणार, हे त्यांना वरून सांगून ठेवलेलं. म्हणून सुट्टीभर दारोदार पोरं शोधत हिंडायच्या.

आमची ही गेली तेव्हा बाई भेटायला आल्या. डोळे पुसले आणि सवयीनं तेच विचारून बसल्या. मी म्हणालो, “मी आहे. तिसरी नापास.”

“जन्मदाखला आहे का?”

दोघंही हसलो. सुतकात हसलो म्हणून बहीण अजून टोमणे मारते.

गावातली पोरं पिवळ्या बसनं इंग्रजीला गेली. बाईंकडे उरली ती बांधकामावरची. नांदेडची, बिहारची, रायचूरची. बाई म्हणायच्या, “सातवीत अख्खा देश बसलाय हो काका, फक्त धायरी गैरहजर.”

जूनमध्ये नव्या पोरांची वाजतगाजत मिरवणूक काढायची पद्धत आहे. एका वर्षी नवं पोर एकच मिळालं, वॉचमनची नेपाळी मुलगी. बाईंनी तिच्या एकटीसाठी टेम्पो सजवला, ताशा लावला, तिला फेटा बांधला. पोरीला वाटलं आपलं लग्न लावतायत. ती भोकाड पसरून रडायला लागली. बाईंचं लक्ष ताशेवाल्याकडे. तुझी पोरं कुठं शिकतात, विचारलं. घरीच होती. त्याला तिथूनच पोरं आणायला पिटाळलं. मग ताशा कोण वाजवणार? त्या फेटेवालीनंच वाजवला, नाक ओढत. तुम्ही असता तर तुम्हीही नाचला असता.

पुढच्या वर्षी शिक्षण खात्याचे साहेब पोरं मोजायला येणार होते. नेमकी शेजारची इमारत पुरी झाली आणि मजूर बायकापोरांसकट पुण्याच्या पार दुसऱ्या टोकाला, मांजरी गावातल्या साइटवर गेले. बाई मला रिक्षात घालून तिकडे घेऊन गेल्या. म्हातारा माणूस सोबत असला की लोक ऐकतात, म्हणे. माझं घरात कुणी ऐकत नाही, हे मी सांगितलं नाही.

पोरं बाईंना बिलगली. सिमेंटचे हात पुसत एकीची आई म्हणाली, “बाई, पोट हिकडं हाय. आमी कसं माघारी येणार? तुमीच या की हिकडं.”

पोरांविना आम्ही दोघंच रिक्षानं परत आलो.

साहेब आले, उरलेली पोरं मोजली, शाळा बंद केली. ती पोरं लांबच्या शाळेत धाडली. बाईंनी मांजरीची बदली मागून घेतली. लोक मांजरीतून बदली मागतात, असं ऑफिसातला कारकून म्हणाला म्हणे.

शाळेच्या भिंतीवर बाईंनी रंगवून घेतलेलं ‘प्रवेश सुरू आहे’ तसंच आहे. पुसायला कुणी आलं नाही. मीही कुणाला आठवण करून देत नाही.