दोन मैलांचं मेरीलँड

डेलमर ट्रूअ‍ॅक्सच्या पाकिटात पिस्तुलाचे चार परवाने होते. पेन्सिल्व्हेनियाचा घरचा, तो असायलाच हवा. फ्लोरिडाचा परराज्यातल्या माणसांसाठीचा, कारण बायकोच्या मावसभावाच्या अंत्ययात्रेला तो एकदा तिकडे गेला होता आणि नाक भाजून परत आला होता. युटा आणि अ‍ॅरिझोना ही राज्यं त्यानं टीव्हीवर पाहिली होती. तरी दोघांचे परवाने त्याच्याकडे होते, न जाणो उद्या जावं लागलं तर. नातीचा मात्र एकही फोटो त्या पाकिटात नव्हता, कारण जागा उरली नव्हती.

कमरेला पिस्तूल लपवून परक्या राज्यात शिरायचं, तर ते राज्य आपला परवाना मानतं की नाही हे आधी पाहावं लागतं. डेलमरनं त्याचा नकाशाच करून घेतला होता. मानणारी राज्यं हिरवी, न मानणारी लाल, वरून प्लॅस्टिक. एक प्रत घरच्या भिंतीवर, एक गाडीत. चर्चच्या जेवणावळीत कुणी सहज म्हणालं की आम्ही सुट्टीत अमुक ठिकाणी चाललोय, की डेलमर नकाशा पसरायचा आणि बटाट्याचं सॅलड गार होईपर्यंत आवरायचा नाही. लोक पुढे पुढे सुट्टीचं त्याच्यासमोर बोलेनासे झाले.

आता गंमत अशी की, त्याच्या घरापासून चार मैलांवर मेरीलँड लागतं, आणि आमच्याकडे मेरीलँड इतकं चिंचोळं आहे की जेमतेम दोन मैलांत संपतं. पुढे नदी, नदीवर पूल आणि पुलापलीकडे वेस्ट व्हर्जिनिया. तिथे परवाना कुणी विचारत नाही. तिथे त्याचा भाऊ रॉइस राहायचा आणि दर रविवारी डेलमर त्याच्याकडे जेवायला जायचा. म्हणजे अलीकडे हिरवं, पलीकडे हिरवं आणि मधे दोन मैल लाल. त्या दोन मैलांतच, हॅनकॉक गावात, हमरस्त्याला लागून त्याच्या मुलीचं, केंड्राचं घर होतं. नशीब म्हणतात ते हेच.

मेरीलँड परक्यांनाही परवाना देतं, नाही असं नाही. पण त्यासाठी सोळा तास वर्गात बसावं लागतं. "दोन मैलांना सोळा तास," डेलमर म्हणायचा, "म्हणजे मैलाला आठ. मी काय गोगलगाय आहे?"

हा माणूस मुळात भित्रा नव्हता, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. एकतीस वर्षं त्यानं शाळेची बस चालवली. बर्फात, धुक्यात, साठ पोरं मागे बोंबलत असताना. त्या काळात त्याच्याकडे हत्यार म्हणाल तर खिशातली बटरस्कॉचची चॉकलेटं, रडणाऱ्या पोरासाठी. मग तो निवृत्त झाला, दिवसभर टीव्हीसमोर बसायला लागला, आणि पेन्शनबरोबर भीतीही लागू झाली. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, इथे तर राक्षस चोवीस तास बातम्या द्यायचा. पिस्तूल आलं. आठ वर्षांत ते एकदाच कुणावर रोखलं गेलं. तो कचऱ्याच्या डब्यातला, मांजराएवढा रॅकून होता आणि तो पळालासुद्धा नाही.

तर दर रविवारचं हे सोवळं. मेरीलँडच्या स्वागताची पाटी दिसली की पाटीच्या अलीकडे गाडी कडेला घ्यायची, दिवे लुकलुकते ठेवायचे, डिकी उघडायची. कमरेचं पिस्तूल काढायचं, मॅगझिन वेगळं करायचं, नळीत चढवलेलं काडतूस काढायचं. पिस्तूल लोखंडी पेटीत, पेटीला कुलूप. मॅगझिन मासेमारीच्या डब्यात, त्यालाही कुलूप. असं रिकामं करून, कुलपात घालून, मधे कुठेही न थांबता राज्य नुसतं पार केलं तर कायदा आडवा येत नाही. दोन मैल जायचं. पूल ओलांडला की एका बंद पेट्रोल पंपावर पुन्हा डिकी उघडायची आणि सगळं उलट करायचं. जाताना दोनदा, येताना दोनदा. नळीतलं ते सुटं काडतूस तो कोटाच्या खिशात टाकायचा आणि विसरायचा. सोमवारी कपडे धुताना त्याची बायको नेडीन ते खिशातून काढायची आणि खिडकीतल्या जॅमच्या बाटलीत टाकायची. बाटली अर्धी भरली होती.

एकदा कुणीतरी पोलिसांना फोन केला की एक म्हातारा रस्त्याच्या कडेला पिस्तुलाशी खेळतोय. तरणा पोलीस आला. डेलमरनं चारही परवाने पत्त्यांसारखे बॉनेटवर मांडले.

"पिस्तूल कुठाय, साहेब?"

"कुलपात."

"मग एवढे घाबरलेले का दिसताय?"

"तुम्ही आलात म्हणून," डेलमर म्हणाला. ते अगदी खरं होतं. राज्याची हद्द पायाखाली कुठे आहे हे माहीत नसल्यानं पोलीसही जरा चुळबुळत उभा होता.

केंड्राचा विषय मात्र कायद्याचा नव्हताच. ती मोठ्या इस्पितळात अपघात विभागात नर्स होती. चार वर्षांपूर्वी तिनं बापाला एवढंच सांगितलं होतं, "डॅड, माझ्या घरात पिस्तूल नको. एका पाच वर्षांच्या मुलाला आणलं होतं आमच्याकडे. पिस्तूल आजोबांचं होतं. यापुढे मला काही विचारू नकोस."

डेलमरनं विचारलं नाही. त्यानं नकाशा काढला आणि मेरीलँड लाल आहे, इथे थांबलं तर अटक होऊ शकते, हे तिला बोटानं दाखवलं. लेकीचं म्हणणं ऐकलं असतं तर पिस्तूल घरी ठेवावं लागलं असतं. कायद्याचं ऐकलं की ते डिकीत ठेवून पुढे निघून जाता येतं. पिस्तूल घरी ठेवायचा मार्ग नकाशावर नव्हता, म्हणून त्याला सुचला नाही असं तो स्वतःला सांगायचा. तेव्हापासून रविवारी त्या घरातून दोन गाड्या निघायच्या. नेडीन आपल्या गाडीतून घरी भाजलेला अ‍ॅपल-पाय घेऊन केंड्राकडे उतरायची, आणि मागून डेलमर हॉर्न वाजवत पुलाकडे जायचा.

नात जोसी अंगणातून हात हलवायची. या शरदात तिनं हात हलवणं सोडलं. पिझ्झाच्या खोक्याचा अष्टकोन कापून तिनं तो लाल रंगवला, त्यावर पांढऱ्यानं 'थांब' लिहिलं, काठीला ठोकला आणि कुंपणाशी उभी राहिली. शाळेच्या बसमधून पोरं उतरताना इतर गाड्यांना थांबवायला बसच्या कुशीतून जशी पाटी बाहेर येते, हुबेहूब तशी.

डेलमरचा पाय आपसूक ब्रेकवर गेला. एकतीस वर्षं त्यानं त्या पाटीच्या जोरावर लाकडाचे ट्रक थांबवले होते, न थांबणाऱ्यांचे नंबर लिहून घेतले होते, आणि एकाला तर गावाच्या दुकानात सगळ्यांसमोर झापलं होतं. मग डिकीतली पेटी आठवली. पाय उचलला, आणि तो पाटी ओलांडून गेला. आरशात त्याला दिसलं की पोरगी पाटी तशीच धरून उभी आहे.

रॉइसकडे त्या दिवशी हरणाचं मांस होतं. डेलमरनं पहिला घास उचलला आणि परत ताटात ठेवला.

"काय रे, दात?" रॉइसनं विचारलं.

"मी पाटी तोडली."

"कुठली? दंड किती?"

डेलमरनं सांगितलं. रॉइसनं हातातला पाव खाली ठेवला. तो भावाची टर उडवण्याची एकही संधी सोडत नसे, पण ही त्यानं सोडली. "पुढच्या रविवारी तिचा वाढदिवस ना? सातवा?" तो म्हणाला. "इथे ये, पेटी माझ्याकडे टाक आणि मोकळ्या हातानं परत जा. अर्धा तास मी तुझ्या पिस्तुलाला गोष्टी सांगतो."

"अर्धा तास पुरे?"

"तुला नाही पुरायचा. त्याला पुरेल."

म्हणजे मुलीच्या दारावरून पुढे जायचं, दुसऱ्या राज्यात पेटी ठेवायची आणि मग मागे यायचं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. पेटी घरीच कपाटात ठेवावी, हे दोघाही भावांना सुचलं नाही, आणि आमच्या खोऱ्यात ते फारशा कुणाला सुचलंही नसतं. पहिले चार मैल बिनहत्यारी जायचे कसे?

वाढदिवसाच्या रविवारी डेलमरनं स्वागताच्या पाटीशी सोवळं पाळलं, कुंपणापाशी मान न वळवता गेला, पेटी रॉइसच्या स्वयंपाकघरात ठेवली आणि परत फिरला. पुलावर त्याचा हात तीनदा कमरेकडे गेला. तिथे काही नव्हतं आणि काही झालंही नाही.

तो अंगणात गाडी घालतो म्हटल्यावर जोसी पाटी घेऊन धावत आली आणि गाडी उभी राहिल्यावरही पाटी धरून राहिली. केंड्रा दारात हात पुसत उभी होती.

"डॅड, आहे का?"

"नाही. रॉइसकडे ठेवलं. शपथ."

"पुलापलीकडे?" तिला हसू आलं, पण ती बाजूला सरली. "ये आत."

चार वर्षांनी तो त्या घरात शिरला. सोफा नवा होता, म्हणजे त्याच्यासाठी नवा. हॅम आणि बटाट्याचं दाट कालवण, पॉटपाय, होतं, केकवर सफरचंदाचा मुरांबा होता, आणि नेडीन त्याच्या ताटात दुसऱ्यांदा वाढत होती. लग्नाच्या पंचेचाळीस वर्षांत ती इतकी खूश दोनदाच दिसली असेल. डेलमरनं खुर्चीच्या पाठीला कोट टाकला आणि कमरेला हात लावायचं तो विसरला.

"पॅपी, बसमधल्या पोरांना तू चॉकलेट द्यायचास ना?" जोसीनं विचारलं. "आजी म्हणाली."

"अजूनही असतात. कोटाच्या खिशात बघ. सगळ्यांना वाट."

ती मन लावून वाटायला लागली. आजीच्या ताटलीत एक, आईच्या ताटलीत एक, पॅपीला एक. स्वतःसाठी तिनं सगळ्यात छान, सोनेरी निवडलं. नखानं कुरतडलं, मग दातांत धरलं.

"पॅपी," ती म्हणाली, "हे उघडत नाही."

नेडीनच्या हातातली डाव खाली पडली. केंड्रानं उठून पोरीच्या तोंडातून काडतूस काढलं, तेही इतक्या हळू, की जोसीला वाटलं आई आता उघडून देणार.

डेलमरला आधी कायदा आठवला, हे त्याला पुढे कधी विसरता आलं नाही. काडतूससुद्धा कुलपात हवं असतं. चार वर्षं, दर रविवारी, ते त्याच्या खिशातून मेरीलँड पार करत होतं, आणि चार परवाने मांडून तो पोलिसाला शहाणपण सांगत होता. हे सगळं एका क्षणात डोक्यातून गेलं आणि मग त्याला पोरीच्या ओठावर काडतुसाचं काळं वंगण दिसलं. रॅकूनसमोर, बर्फात, साठ पोरं घेऊन घाट उतरताना, कधीच इतकी भीती वाटली नव्हती.

"मला माहीत नव्हतं," तो म्हणाला.

"मला होतं," नेडीन म्हणाली. "दर सोमवारी मीच काढते. बाटलीत टाकते. मला वाटायचं, माझं काम झालं."

केंड्रा ओरडली नाही. ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. तिनं काडतूस त्याच्या तळहातावर ठेवलं आणि बोटं मिटवली. "आज जा, डॅड," ती म्हणाली. "केक बांधून देते."

तो आठवडा डेलमरनं टीव्ही लावला नाही. बुधवारी तो रॉइसकडे जाऊन आला. शनिवारी नेडीननं पाहिलं, तर खिडकीतली जॅमची बाटली नव्हती, आणि भिंतीवर नकाशाच्या जागी पांढरा चौकोन होता. रविवारी सकाळी तो तिच्या गाडीत, तिच्या शेजारी येऊन बसला.

"कोट?" नेडीन म्हणाली. बाहेर बर्फाची भुरभुर सुरू झाली होती.

"नको."

स्वागताची पाटी आली आणि गेली. नेडीननं सवयीनं वेग कमी केला, पण थांबायला काहीच नव्हतं.

कुंपणाशी जोसी नव्हती. पाटी भिंतीला टेकवलेली होती. डेलमर नुसत्या सदऱ्यात पायरीवर उभा राहिला, कुडकुडत. दार उघडलं गेलं. केंड्रानं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग त्याच्या मागे उभ्या एकाच गाडीकडे पाहिलं.

"डॅड, कोट कुठाय?"

"पेन्सिल्व्हेनियात."

"आणि ते?"

"ते रॉइसकडे. कायमचं. त्याला म्हटलं, तूच सांग आता त्याला गोष्टी." त्यानं विजारीचे दोन्ही खिसे ओढून उलटे केले. एका खिशातून पिवळ्या कागदातलं एक चॉकलेट पायरीवर पडलं.

केंड्राच्या मागून जोसी वाकून पुढे आली. तिनं ते उचललं, आधी आईकडे पाहिलं. केंड्रानं ते हातात घेतलं, दाबून पाहिलं, उजेडात धरलं आणि परत दिलं. डेलमर तोवर खिसे बाहेर लोंबवत तसाच उभा होता.

कागद चुरचुरला.

"पॅपी," जोसी म्हणाली, "हे उघडलं."