दुरुस्त गाडीचा सत्कार

भूगावात आता गॅरेजला गॅरेज म्हणत नाहीत. आमच्या रस्त्यावर काचेचं एक कार केअर सेंटर झालंय. दारात कृत्रिम धबधबा आहे आणि गाडी आत घेण्याआधी कॉफी विचारतात. जिथं कॉफी फुकट मिळते तिथं बाकीचं काय भावानं मिळत असेल, हे मला कळायला हवं होतं. पण ब्रेक दाबला की पुढून कर्कश आवाज येत होता, नेहमीचा मिस्त्री भावाच्या लग्नाला गावी गेला होता आणि आईला रोज फिजिओथेरपीला न्यायचं होतं.

आई कासारसाईला, गावच्या घरी अंगणात पडली आणि तिच्या गुडघ्याची वाटी फुटली. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी बजावलं होतं की आता रोज व्यायाम. या दिवसांत गुडघा वाकवला नाही तर तो कायमचा आखडेल. तिचा ताठ पाय रिक्षात मावत नाही. कॅबवाले आमच्या रस्त्याची गर्दी बघून येणंच रद्द करतात. आमच्या जुन्या गाडीची पुढची सीट पार मागं ढकलली की मात्र ती पाय लांब करून बसते.

"संध्याकाळपर्यंत देतो," असं टाय लावलेल्या मॅनेजरनं सांगितलं. दुपारी त्याचा फोन आला. "सर, गाडी ओपन केलीय."

ऑपरेशन थिएटरमधून बाहेर आलेल्या सर्जनचा आवाज होता तो. चारही चाकं काढलेली, गाडी वर टांगलेली, आणि आता पुढचे ब्रेक, मागचे ब्रेक, सगळंच बदलावं लागेल म्हणे. नको म्हटलं तर पुन्हा जोडायचे पैसे वेगळे. आधी उघडायचं आणि मग भाव सांगायचा. भाजीवाल्यानं कलिंगड कापून असा भाव सांगितला तर लोक त्याची गाडी उलटी करतील. इथं त्याला प्रोसेस म्हणतात. मी हो म्हणालो. मग पार्ट यायचे होते, मग धुलाई, मग कुणाची तरी सही. आठवडा उलटत आला. घरी आई स्टुलावर पाय ठेवून बसलेली. रोज सकाळी विचारायची, "आली का रं गाडी?" आणि उत्तराआधीच पाय वाकवायला जाऊन ओठ चावायची.

शेवटी बोलावणं आलं. त्या दिवशी सुट्टीवर असलेल्या शेजाऱ्यांनी त्यांच्या मोठ्या गाडीतून आम्हाला तिथं सोडलं. तिथूनच व्यायामाला पोहोचायचं होतं. बघतो तर आमच्या बारा वर्षांच्या गाडीच्या टपावर लाल कापड, बॉनेटवर रिबन, पुढं नारळ आणि पुठ्ठ्याची हातभर लांब किल्ली. दुरुस्त झालेल्या गाडीचा सत्कार! मी आईला पुढच्या सीटवर बसवलं. तिनं सवयीनं डॅशबोर्डला हात लावून नमस्कार केला.

"सर, फोटो झाला की किल्ली देतो," मॅनेजर म्हणाला. "आणि फीडबॅकचा कॉल येईल, दहापैकी दहा द्या."

आमच्याकडे एक रीत आहे. मिस्त्री काढलेला पार्ट गिऱ्हाइकाच्या हातात ठेवतो. तो भंगार कुणाच्याच कामाचा नसतो, पण ती त्याची जबान असते. म्हणून मी जुने पार्ट मागितले. एक खोकं आलं. त्यात चिठ्ठ्या लावलेले झिजलेले ब्रेक पॅड होते. पुढचे, आणि मागचेही.

गाडीसोबत येणारं माहितीपुस्तक वाचणाऱ्या दुर्मीळ लोकांपैकी मी एक आहे. आमच्या गाडीच्या मागच्या चाकांना पॅड नाहीतच, तिथं ड्रमचे ब्रेक आहेत.

"हे कुणाच्या गाडीचे?" मी विचारलं.

"सर, सिस्टीमनं जनरेट केलंय."

"सिस्टीमनं पॅड काढले?"

तो हसला. "टेन्शन नका घेऊ सर. तेवढी रक्कम आम्ही गुडविल म्हणून माफ करतो."

मी खोकं त्याच्यापुढं सरकवलं. "केलंच नाही ते माफ करताय? मला माफी नको. काम झालं नव्हतं असं लिहून द्या."

"तसा ऑप्शन नाहीये सर."

तेवढ्यात हॉर्न वाजला. थांबेचना. आईनं बसल्या जागेवरून हात लांब करून तो दाबून धरला होता. कॉफी पिणारे सगळे काचेपाशी आले. आई खिडकीतून ओरडली, "ए टायवाल्या! किल्ली दे! ह्या दुसऱ्याच्या गाडीच्या ब्रेकच्या वड्या आमच्या पदरात घालतुयास आन् वर नारळ फोडतुयास व्हय? आठ दिस माझा पाय लाकूड करून ठिवलाय तुमी!" मग माझ्याकडे वळून, "आन् तू! कागद नंतर माग. गुडघा थांबणार न्हाई."

तिचं बरोबर होतं, आणि त्याचाच मला जास्त राग आला. अडलेल्या माणसाकडे भांडायला वेळ नसतो, एवढ्याच भांडवलावर ही काच उभी आहे. मागच्या ब्रेकचे पैसे वगळून बाकीचे दिले आणि मॅनेजरच्या हातातून किल्ली ओढून घेतली. नारळ आईनं मांडीवर घेतला. "पैका दिलाय," म्हणाली.

व्यायामाच्या टेबलावर फिजिओथेरपिस्ट मुलीनं पाय धरला आणि म्हणाली, "आजी, आठवडा चुकवलात. आता दुखणार."

तिनं पाय दाबला तशी आई दात आवळून म्हणाली, "मेल्या टायवाल्या!" पाय थोडा वाकला. पुन्हा दाबला. "तुझ्या धबधब्यात शेण पडो!" आणखी थोडा वाकला.

"हा कोण टायवाला?" मुलीनं मला विचारलं.

मी सांगितलं.

"उद्याही त्याचीच आठवण काढू द्या," ती म्हणाली आणि पुन्हा पाय धरला.