प्लास्टरवरचा घागरा

सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं झाली होती आणि वणीतल्या आपल्या ओसरीवर भीमसिंग आडे मशीन चालवत होता. सुईखालून करड्या रंगाचं जाड सुती कापड सरकत होतं. १९६३ सालच्या मार्चमधला रविवार.

भीमसिंग शर्ट-पँटचा शिंपी. आज मात्र तो वेगळंच काही शिवत होता: कमरेभोवती गुंडाळायचं, गुडघ्याखाली उतरणारं आणि बाजूला दोन बक्कलांनी बंद होणारं एक वस्त्र. ते त्याच्या मित्रासाठी होतं. वामन देशकर तहसील कचेरीत कारकून. महिन्यापूर्वी निर्गुडा नदीच्या उतारावर सायकलवरून पडून त्याचा पाय मोडला. मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर. त्यावरून पँट चढत नव्हती, धोतराचा काष्टा घालता येत नव्हता. लुंगी सुटली तर सावरायला हात मोकळे नव्हते, कारण दोन्ही हातांत कुबड्या. म्हणून वामन घराबाहेर पडलाच नव्हता.

पाऊल टाकताना ताण बसू नये म्हणून मागे चुण्या हव्या होत्या. त्या भीमसिंगला जमेनात. बायको हंसाबाईनं कापड ओढून घेतलं. बंजारा तांड्यातल्या बायका घालतात तो घेरदार फेटिया ती लहानपणापासून स्वतः शिवत आली होती.

"बाप्याले घागरा! वामनभाऊ कचेरीत नाचन का आता?"

"चुण्या पाड. बोलू नको."

"पाडून देते. पन त्याले सांगनं तुमचं तुमी. त्या सायकलवाल्या डोमाजीच्या दुकानात कुत्रं फिरकून नाही राह्यलं."

सांगायचं ते इतकंच होतं. अपघाताच्या आदल्या दिवशी वामन भीमसिंगच्या घरी येऊन म्हणाला होता, नवीन रबरं घातल्यापासून ब्रेक किरकिरतो. तो आत चहा पीत असताना भीमसिंगनं मशीनची तेलाची कुपी उचलली आणि ब्रेकच्या रबरांवर थेंब सोडले. मशीन किरकिरलं की तो हेच करत असे. क्षुल्लक काम म्हणून बोलला नाही. दुसऱ्या दिवशी उतारावर ब्रेक लागलाच नाही.

रबरं बसवली होती त्याच डोमाजीनं. त्यानं खोटा माल घातला, असं वामन भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होता. कचेरीतल्या लोकांनी आपल्या सायकली दुसरीकडे नेल्या. भीमसिंग रोज जाई, ऐके आणि मान हलवून परत येई. हे कापडही त्याच्याकडे पहिल्या आठवड्यापासून होतं. वामन चालू लागला की आधी डोमाजीशी भांडायला जाईल, हे ओळखून त्यानं कात्री लावली नव्हती. शेवटी वामनची बायको सुनीती म्हणाली, "भाऊ, हे चादर गुंडाळून मोरीपर्यंत जातात, तेवढंच. आता बोलतही नाहीत." तेव्हा त्यानं माप घेतलं.

नऊच्या सुमारास भीमसिंगनं ते घरी नेऊन दिलं आणि वामननं नेसून अंगणात फेरी मारली. चुण्या पावलाबरोबर उघडत होत्या, मिटत होत्या.

"अरे, खिसा विसरलास! तपकिरीची डबी कुठं ठेवू?" तो हसला. "आता बघ. उद्या जातो अन् त्या डोमाजीची गचांडी धरतो."

"त्यानं काही नाही केलं," भीमसिंग म्हणाला. "तुह्या ब्रेकले मी तेल देलतं."

"काय?"

"मशीनचं तेल. रबरावर. किरकिरत होतं ना."

वामन भिंतीला टेकला. "अन् महिनाभर इथं बसून माझ्या तोंडून त्याला शिव्या ऐकल्यास?"

"ऐकल्या."

"चहा पिऊन गेलास?"

"पेलो."

वामननं कुबड्या पुन्हा बगलेत घेतल्या. मग म्हणाला, "उद्या तूही चल. शिव्या मी दिल्या, त्या मी परत घेतो. तेलाचं तू सांग. गिऱ्हाइकांसमोर."

"गिऱ्हाईक राह्यलं कोठी त्याच्याकडे?"

"मग कचेरीतली माणसं बोलावतो. ज्यांना सांगितलं त्यांनाच."

भीमसिंगनं मान खाली घालून होकार दिला. माफीचा शब्द दोघांनीही काढला नाही. वामननं वस्त्र सोडलं नाही, पण चांगलं झालंय असंही म्हणाला नाही. सुनीतीनं चहा विचारला नाही.

डोमाजीचं दुकान सोमवारी सकाळी आठला उघडतं.