दुसऱ्या मशिनवर

शिरूरच्या डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट वाचला तेव्हा सासूबाई माझ्या शेजारीच बसल्या होत्या. बीजकोशात बीजं किती उरलीत याचा अंदाज देणारी ती रक्ताची तपासणी, एएमएच. माझा आकडा शून्य पॉइंट आठ.

"तुमच्या वयाच्या मानानं फारच कमी आहे," बाई म्हणाल्या. "मूल होणारच नाही असं नाही. पण आता वेळ दवडू नका. आणि ही बीजं काही केल्या पुन्हा वाढत नाहीत."

शेवटचं वाक्य सासूबाईंनी कानाआड केलं. न्हावऱ्याला परतताना एसटीत म्हणाल्या, "मशिन बिघडल्यालं असंल त्यांचं."

आमचा दुधाचा धंदा. संकलन केंद्रावर फॅट कमी लागली की दर पडतो, पण आपल्या गाईला गावात कुणी बोल लावत नाही. दोष मशिनचा. सासूबाई तर कॅन आपटून परत फॅट काढायला लावायच्या. घरी आल्यावर मात्र गुपचूप पेंड वाढवायच्या.

माझ्या बाबतीतही तेच सुरू झालं. डिंकाचे लाडू, अहळीव, वर तूप. पहिल्या दिवशी माझं डोकंच फिरलं. मी काय दावणीला बांधलेली आहे? नवऱ्याला म्हटलं, तुम्हीच आईंना समजावून सांगा. तो कंपनीतून दमून आलेला. "खा की, काय जातंय," एवढंच म्हणाला.

खाल्ले. चांगली शिकलेली मी, सगळं कळत होतं, तरी खाल्ले. हळूहळू माझाही विश्वास बसायला लागला आणि त्याचीच मला भीती वाटायची. आरशात गाल भरलेले दिसले की वाटायचं, आतही काही भरलं असेल. दवडू नका म्हणून सांगितलेला वेळ असा लाडवांत गेला.

मग सासूबाईंनी मला दौंडला दुसऱ्या लॅबमध्ये नेलं, फॅट लागत नसली की दूध दुसऱ्या डेअरीला घालून बघतात तसं. आकडा आला शून्य पॉइंट सहा. मी तो मोठ्यानं वाचला. "चल घरी," त्या म्हणाल्या. सबंध वाटेत त्यांनी मशिनचं नाव काढलं नाही. त्यांनी ते काढावं असं मला फार वाटत होतं.

संध्याकाळी आम्ही दोघी दूध घालायला गेलो. फॅट कमी लागली. केंद्रावरच्या माणसानं सवयीनं विचारलं, "मावशी, परत काढू का?"

सासूबाईंनी रिकामा कॅन उचलला.

"ऱ्हाऊ दे. मशिन बरूबर हाय तुझं."

मला तिथंच, सगळ्यांच्या देखत, रडू फुटलं.