सिस्टरांचा तहानलेला वाफा

माझ्या मोठ्या नणंदबाई इस्पितळातून निवृत्त झाल्या, पण त्यांच्यातली सिस्टर काही निवृत्त झाली नाही. घरात कुणी नुसतं खाकरलं तरी ताईंचा हात त्याच्या कपाळावर जातो. गल्लीतले लोक अजूनही त्यांना सिस्टरच म्हणतात. त्यांचा धाकटा भाऊ, म्हणजे माझा नवरा, चिडवायचं असलं की तेच म्हणतो.

घरामागच्या मोकळ्या जागेत ताईंनी थाइम लावला. ओव्यासारख्या वासाचं, बारीक पानांचं हे वीतभर झुडूप. त्याचा अर्क खोकल्याच्या औषधात घालतात. असं औषध बनवणारा एक लहानसा कारखाना ताईंची वाळवलेली पानं घ्यायला तयार होता. पण नवऱ्याला त्याच जागेत सुतारकामाची शेड हवी होती. शेवटी बहीणभावात ठरलं, कारखान्याने माल घेतला तर जागा ताईंची, नाहीतर तिथे रंधा आणि करवत येणार.

पहिला माल परत आला. दुसराही परत आला. ‘वास कमी, तेल कमी,’ एवढंच कळलं. ताईंना राग आला नाही, त्या कोड्यातच पडल्या. त्यांनी कारखान्याच्या प्रयोगशाळेतल्या बाईंना फोन केला आणि सरळ चहाला बोलावलं.

बाई वाफ्यांमधून सावकाश हिंडल्या. झाडं दाट, हिरवीगार, कापसासारखी मऊ.

“सिस्टर, यांना कसला त्रास होतो का हो?”

“त्रास? दोन वेळा पाणी आहे, वर सावलीची जाळी आहे, वेळच्या वेळी खत आहे. त्रास कशाला होईल?”

“तेच म्हणते मी,” बाई म्हणाल्या.

कुंपणाच्या भिंतीपाशी फरशीच्या फटीत थाइमचंच एक खुरटं झुडूप उगवलं होतं. तिथवर पाइप पोचत नसल्यामुळे ताईंनी त्याचा नाद सोडला होता. बाईंनी त्याचं पान चुरगाळून ताईंच्या नाकाशी धरलं. ताईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मग मीही हुंगलं, आणि मला दोनदा शिंक आली.

“झाड हे तेल आपल्या खोकल्यासाठी बनवत नाही,” बाई सांगू लागल्या. “किडीने तोंड लावू नये, कडक उन्हात, कमी पाण्यात तग धरता यावा, यासाठी त्याची धडपड असते. तुमच्या झाडांवर तशी वेळच येत नाही. ती आपली मजेत वाढतात.”

“म्हणजे उपाशी मारू त्यांना?”

“नाही, नाही. थोडंसं ताणायचं. फार ताणलं तर तेलही जातं. किती ताणायचं ते मात्र मी सांगू शकत नाही. माती तुमची, ऊन तुमच्याकडचं.”

“घ्या,” नवरा खिडकीतून म्हणाला, “सिस्टरांना आता पेशंटचा छळ करायचाय.”

जाळी त्याच दिवशी निघाली. पाणी तोडणं मात्र ताईंच्या हातून होईना. जन्मभर कुणी पाणी मागितलं आणि त्यांनी दिलं नाही, असं झालं नव्हतं. शेवटी त्यांनी नळाची चावी काढून माझ्या हातात दिली. मी ती पिठाच्या डब्यात लपवली. दुसऱ्याच दुपारी त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या.

“अगं, एकच झारी. माना टाकल्यात गं त्यांनी.”

“नाही मिळायची, ताई.”

“तू माझ्याहून कडक हेडनर्स झाली असतीस,” असं पुटपुटत त्या परत गेल्या.

मग त्यांनी दुसरं टोक गाठलं. मन घट्ट केलं ते इतकं, की ऐन उन्हाच्या तडाख्यात कोपऱ्यातल्या वाफ्याकडे त्यांनी वळूनही पाहिलं नाही. वाफा करपला. पानं चुरगाळून पाहिली तर नुसता गवताचा वास.  त्या दिवशी जेवताना नवऱ्याने शेडचा विषय काढला नाही. तेवढी समज आहे त्याला.

दुसऱ्या दिवशी ताईंनी माझ्याकडून चावी परत घेतली आणि वाफ्यांमधून वॉर्डातल्यासारखा सकाळचा राउंड सुरू केला. “दुपारी सगळेच पेशंट कण्हतात, त्याचं मनावर घ्यायचं नाही,” त्या मला समजावून सांगत. “रात्री विसावा मिळूनही सकाळी ज्याची मान खाली, तो खरा आजारी. पाणी फक्त त्याला.” हे असं केल्याने पानात काय होतं, याचं त्यांना अपार कुतूहल. रोज वेगवेगळ्या वाफ्यातली पानं आणून आम्हाला डोळे मिटून हुंगायला लावत. पोस्टमनही यातून सुटला नाही. “दुसरं जास्त झणझणीत आहे, सिस्टर,” असं सांगितल्यावरच त्याला पत्रांवर सही मिळाली.

कापणी झाली तेव्हा ढीग पाहून माझा जीव थोडा थोडा झाला. पूर्वीच्या निम्माही नव्हता. पानं बारकी, जाडसर, राखाडी झाक असलेली. नवरा टेप घेऊन मागच्या जागेची लांबी मोजू लागला.

माल गेला आणि काही दिवसांनी प्रयोगशाळेतल्या बाईंचा फोन आला. ताई नुसतं “बरं… बरं… अस्सं” म्हणत होत्या. चेहऱ्यावरून काही कळेना. वॉर्डात नातेवाइकांसमोर ठेवायचा चेहरा तो.

“काय म्हणाल्या?” नवऱ्याने विचारलं.

“घेतला माल. तेल भरपूर आहे म्हणे.” मग चष्मा पुसत म्हणाल्या, “पण एवढ्याशाने त्यांचं भागत नाही. अशी झाडं कमी वाढतात रे. जागा जास्त लागते.”

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी भाजी निवडत राहिले.

“त्या तुझ्या शेडच्या फळ्या रचल्यात ना,” ताई म्हणाल्या, “तिकडे ऊन कसं येतं, ते बघायचंय मला. उचलतोस का जरा?”

तो चप्पल घालून मागे गेला. पहिली फळी त्याने भिंतीला टेकवली तेव्हा ताई खाली वाकून तिथली माती बोटांनी उकरून बघत होत्या.