पाठ फिरवून प्यायलेला रस

वजनकाट्यावर ब्याण्णव किलो सातशे ग्रॅम आलं. मी हेमंत चिटणीसांना खाली उतरवलं, काटा शून्यावर आणला, खिशातला मोबाइल, किल्ल्या, पाकीट टेबलावर काढून ठेवायला लावलं आणि पुन्हा उभं केलं. ब्याण्णव सातशे.

"पाच आठवड्यांपूर्वी ब्याण्णव शंभर होतं," ते म्हणाले. मी न विचारताच.

"म्हणजे वाढलं."

"मॅडम, शपथेवर सांगतो..."

"शपथ नको. डायरी दाखवा."

मी डाएटिशियन आहे. बडोद्यातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात सत्तावीस वर्षं काढली, आता निवृत्तीला दोन राहिलीत. रोज वीसेक माणसं माझ्यासमोर बसून सांगतात की आम्ही काहीच खात नाही. आमचे आजोबा संस्थानच्या काळात तपासनीस होते, गावोगाव जाऊन दप्तरं तपासायचे. तो गुण माझ्यात पुरेपूर उतरलाय असं माझे यजमान म्हणतात. कौतुकाने म्हणत नाहीत.

हेमंतभाई (बडोद्यात मराठी माणसालाही 'भाई' चिकटतोच) पेशंट नव्हते, डोनर होते. त्यांची मोठी बहीण शालनताई, शाळेत गणित शिकवायच्या, दोन्ही किडन्या निकामी झालेल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, आणि अलीकडे प्रत्येक वेळी मशीनवर बीपी घसरायचं. भावाची किडनी जुळली होती, सगळे रिपोर्ट चांगले होते. अडलं होतं ते भावाच्या वजनावर. एक किडनी दिल्यावर उरलेल्या एकीला जन्मभर एकटीने काम करायचं असतं, म्हणून डोनर जाडजूड चालत नाही. आठ किलो उतरवा, मग ऑपरेशन, असं डॉक्टर पारीखांनी स्वच्छ सांगितलं होतं. दुसरा डोनर घरात नव्हता.

तर डायरी. काय खाल्लं ते रोजच्या रोज लिहायची वही. आमच्या धंद्यात ती वाचायची नसते, तपासायची असते. सगळीकडे एकच पेन, एकच शाई आणि एकसारखं वळणदार अक्षर दिसलं, की समजायचं, ही वही बाहेरच्या बाकड्यावर बसून आत्ताच भरलेली आहे. हेमंतभाईंच्या वहीत तीन पेनं होती, हळदीचे डाग होते, एका पानावर तेलाचा अंगठा होता. पोळ्या चार, भाजी दोन वाट्या, मूग, दही. रोज पन्नास मिनिटं चालणं. माझ्या मापाने हे तेराशे कॅलरी. एवढ्यात माणसाचं वजन पाच आठवड्यांत तीन किलो तरी उतरायला हवं.

वही इतकी खरी दिसत होती की माझा संशय जास्तच बळावला.

मी त्यांच्या बायकोला, मेघनाला, फोन लावला. पोळीला तेल किती, भाजीला किती, तूप कुठे असतं, सगळं विचारलं. दोन मिनिटं तिने सरळ उत्तरं दिली. मग म्हणाली, "मॅडम, तुम्हाला काय वाटतं, मी गुपचूप तूप ओततेय? म्हणजे नवऱ्याचं ऑपरेशन टळावं म्हणून?"

"मी तसं म्हटलं नाही."

"पण वाटलं ना?"

वाटलं होतं. खोटं कशाला बोलू?

त्याच संध्याकाळी माझ्या ओपीडीच्या खिडकीतून खाली बघितलं. पहिला मजला, समोर रस्ता, रस्त्यापलीकडे कनुभाईचा उसाच्या रसाचा ठेला. तिथे हेमंतभाई उभे होते. हॉस्पिटलकडे पाठ. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, मान वळवून एकदा वर आमच्या बिल्डिंगकडेही बघितलं आणि घटाघटा दोन ग्लास रिकामे केले. मग रुमालाने मिशी पुसली, खिशातून बडीशेप काढून तोंडात टाकली आणि बहिणीला भेटायला आत आले.

चोराच्या मनात चांदणं! मी खुर्चीत बसले आणि सगळं लख्ख दिसल्यासारखं वाटलं. या माणसाला किडनी द्यायची नाही. तोंडाने नाही म्हणायची हिंमत नाही, म्हणून वजन जागचं हलू देत नाही. उद्या सगळे म्हणतील, बिचाऱ्याने खूप प्रयत्न केले हो. मला संताप आला. मी त्यांची फाइल ओढली आणि लिहिलं, 'डोनरच्या इच्छेबद्दल शंका.' खाली सही ठोकली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर पारीखांनी केबिनमध्ये बोलावलं. ते गुजराती, पण आयुष्य आमच्यासारख्या मराठी पेशंटांत गेल्याने दोन्ही भाषा एका वाक्यात नांदतात.

"जुओ बेन, तुम्ही लिहिलंय ते गंभीर आहे. खात्री आहे?"

"डोळ्यांनी पाहिलंय."

"मग त्याला एकट्याला विचारा. सांगा, नाही म्हणायचा तुला हक्क आहे. आम्ही घरच्यांना फक्त एवढंच सांगू की मेडिकली अनफिट. कारण कोणाला कळणार नाही."

ही सोय असते. फार कमी लोकांना माहीत आहे, पण असते. घरच्यांच्या दबावाखाली आलेल्या डोनरला अब्रू न जाता मागे फिरता यावं म्हणून डॉक्टर सगळा दोष रिपोर्टवर घेतात.

"आणि बेन," डॉक्टर म्हणाले, "महिनाअखेर वजन उतरायला लागलेलं दिसलं नाही तर मी ही फाइल बंद करतो. शालनबेनला खोट्या आशेवर नाही ठेवायचं."

मी हेमंतभाईंना बोलावलं, दार लावलं आणि शक्य तितक्या सौम्यपणे विचारलं. माझ्या सौम्यपणाबद्दल घरी मतभेद आहेत.

ते आधी समजलेच नाहीत. मग समजले. सेहेचाळीस वर्षांचा माणूस, विमा कंपनीत सर्व्हेयर, रोज दुसऱ्यांचे खोटे क्लेम पकडणारा. आज त्याचाच क्लेम खोटा ठरत होता.

"आई गेली तेव्हा मी सहावीत होतो," ते म्हणाले. "ताईने शिकवण्या करून मला शिकवलं. आणि तुम्ही मला विचारताय, द्यायची आहे का म्हणून?"

"मग उसाचा रस चोरून का पिता?"

"चोरून?" ते उठून उभे राहिले. "मॅडम, उद्या सुट्टी टाका. सकाळपासून रात्री जेवेपर्यंत माझ्याबरोबर फिरा. माझ्या तोंडात काय जातं ते स्वतः बघा. मग फाइलमध्ये काय लिहायचं ते लिहा."

मी टाकली. पर्समध्ये घरचा छोटा डिजिटल काटा आणि स्टीलची वाटी घेतली. आमची जात जाते कुठे!

सकाळी साडेसहाला वासण्याच्या बागेत आम्ही पन्नास मिनिटं चाललो. माणूस प्रामाणिकपणे चालत होता, माझाच श्वास फुलला. बागेच्या फाटकाशी हिरव्या छत्रीखाली 'हेल्थ ज्यूस'ची गाडी. चालून आलेली निम्मी बाग तिथे उभी. हेमंतभाईंनी रोजचा दुधीचा रस मागितला.

"साखर घालता?" मी गाडीवाल्याला विचारलं.

"ना ना बेन! खांड बिलकुल नहीं. हेल्थवाला छे ने," तो दुखावून म्हणाला आणि पातेल्यातून कडछीभर काहीतरी दाट, चिकट काढून ग्लासात ओतलं.

"हे काय आहे?"

"ए तो चासणी छे."

मी तेवढीच आणखी एक कडछी माझ्या वाटीत ओतायला लावली आणि वजन केलं. पन्नास ग्रॅम पाक. त्यातली साखर धरा तीस ग्रॅम, म्हणजे सहा चमचे. मागे रांगेतले एक काका म्हणाले, "बेन, फूड डिपार्टमेंटमधून आलात का?" मी म्हटलं, तसंच समजा.

अकरा वाजता सयाजीगंजमध्ये त्यांच्या ऑफिसखालचा कॅफे. हेमंतभाई ऐटीत म्हणाले, "कोल्ड कॉफी, विदाउट शुगर." काउंटरवरच्या मुलीने खरंच साखर घातली नाही. तिने एका चकचकीत पाकिटातून दोन मोठे स्कूप पावडर घातली, दूध घातलं, वर व्हॅनिला सिरपच्या बाटलीचा पंप तीनदा दाबला. मी पाकीट मागून घेतलं आणि उलटं केलं. पाकिटामागची घटकांची यादी उतरत्या क्रमाने असते; जे सगळ्यात जास्त, ते सगळ्यात आधी. पहिलाच शब्द साखर होता. कॉफी चौथी आली.

"पण मी विदाउट शुगर सांगितलं होतं," हेमंतभाई म्हणाले.

"सर, एक्स्ट्रा शुगर नथी नाखी," मुलगी म्हणाली. ती खोटं बोलत नव्हती.

दुपारी डब्याबरोबर छास, म्हणजे ताक. ती निर्दोष निघाली, हे नोंदवायला हवं. चारला लिंबू सोडा, 'खारा-मिठा', म्हणजे मीठ चिमूटभर आणि साखर दोन चमचे. संध्याकाळी हॉस्पिटलसमोर कनुभाईचा ठेला. दोन ग्लास रस, वर भांड्यात उरलेला अर्धा कनुभाईने आग्रहाने ओतला. आणि पुन्हा तेच. हॉस्पिटलकडे पाठ, डावीउजवीकडे नजर, वर खिडक्यांकडे नजर.

"आता सांगा," मी म्हटलं. "कोणापासून लपवताय? माझ्यापासून?"

"तुमच्यापासून कशाला?" ते खरोखर चकित झाले. त्यांनी वर बोट दाखवलं. "दुसरा मजला, डावीकडून चौथी खिडकी. ताईचा डायलिसिसचा बेड तिथे असतो. तिला दिवसाला सगळं मिळून पाऊण लिटरच प्यायची परवानगी. त्यात चहा आला, आमटी आली, गोळ्यांबरोबरचं पाणी आलं. ती बर्फाचा खडा चघळत दिवस काढते. तिच्यासमोर मी गार रस पिऊ? घरीसुद्धा ती आली की आम्ही कोणी तिच्यापुढे पाणी पीत नाही."

मी त्या खिडकीकडे बघितलं. तरी आतला तपासनीस गप्प बसेना.

"मग पिताच कशाला? आणि डायरीत का नाही लिहिलं?"

"डायरीत तुम्ही विचारलंय, काय खाल्लं. हे खाणं कुठे आहे? आणि पितो ते तुम्हीच सांगितलंत म्हणून."

"मी?"

त्यांनी पाकिटातून घडी घातलेला कागद काढला. माझाच डाएट चार्ट. प्लास्टिकच्या पिशवीत जपलेला. पोळ्या चार, भाजी दोन वाट्या, आणि सगळ्यात खाली, माझ्याच अक्षरातली ओळ, 'द्रव पदार्थ भरपूर घ्यावेत.' तिच्याखाली त्यांनी पिवळी रेघ ओढली होती.

"ऊस किडनीला चांगला असतो, असं कनुभाईही म्हणतात," ते म्हणाले. "दुधीने शरीर साफ होतं. मॅडम, ती किडनी ताईकडे जायची आहे. धुतलेली असायला हवी ना? मळकी कशी देणार? कधीकधी नको वाटतं, पोट डब्ब होतं. तरी पितो."

भर रस्त्यात माझ्या डोळ्यांत पाणी आलं. कनुभाईने घाईघाईने विचारलं, "बेन, रस मां कंई पड्युं?" रसात काही पडलं का म्हणून.

ती ओळ मी पंधरा वर्षांपूर्वी लिहिली होती. बद्धकोष्ठाच्या पेशंटांसाठी. मग त्या कागदाच्या झेरॉक्स निघत गेल्या आणि मधुमेहवाल्यांना, वजनवाल्यांना, सगळ्यांना तोच कागद. जगाची वही तपासत बसले आणि दिव्याखाली अंधार. रात्री बेरीज केली. दुधी, कॉफी, सोडा, ऊस मिळून दिवसाला हजार कॅलरींच्या आसपास. म्हणजे दहा पोळ्या. मी त्यांना मंजूर केल्या होत्या चार.

दुसऱ्या दिवशी फाइल उघडली. हॉस्पिटलच्या फाइलमध्ये खाडाखोड चालत नाही, व्हाइटनर तर नाहीच. चुकीच्या नोंदीवर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला सही आणि तारीख. 'डोनरच्या इच्छेबद्दल शंका' वर मी रेघ मारली. शब्द अजून नीट वाचता येतात. बाजूला लिहिलं, 'शंका चुकीची. आहारतज्ज्ञाच्या सूचनेत दोष.' डॉक्टर पारीखांनी वाचलं, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि फक्त म्हणाले, "सारुं. मग आता काय प्यायला सांगितलंय?"

"पाणी. आणि छास."

महिनाअखेर काटा नव्वदच्या खाली होता. अडीच महिन्यांनी चौऱ्याऐंशी सहाशे. मेघनाने मला पेढे पाठवले नाहीत, काकड्या पाठवल्या. ते मला लागायचं तिथे बरोबर लागलं.

ऑपरेशन झालं. दोघं सुखरूप. डिस्चार्जच्या दिवशी मी शालनताईंच्या खोलीत गेले. नवीन किडनी बसली की पथ्य उलटं होतं, आता पाणी कमी पडून चालत नाही. हेमंतभाई पोट धरून शेजारच्या खुर्चीत बसले होते. शालनताईंच्या हातात काठोकाठ भरलेला पाण्याचा ग्लास होता. दोन वर्षांत पहिल्यांदा भरलेला. त्या तो न मोजता प्यायल्या, आणि त्यांच्यासमोर, पाठ न फिरवता, हेमंतभाईही प्यायले.

मी सवयीने म्हणाले, "ताई, आता द्रव पदार्थ भरपूर घ्यायचे."

शालनताईंनी उशाखालून पेन काढलं. लाल. माझ्या हातातला त्यांचा डाएट चार्ट ओढून घेतला आणि त्यावरची ती ओळ खोडली.

"भरपूर म्हणजे किती, आणि द्रव म्हणजे कोणता?" त्या म्हणाल्या. "गणितात असं उत्तर लिहिलं असतंत तर मी शून्य दिलं असतं. नीट लिहा. माझ्या भावाने तुमचं अक्षर न् अक्षर पाळलं होतं."

मी तिथेच बसून लिहिलं: साधं पाणी, अडीच लिटर. आता माझ्या प्रत्येक चार्टवर तसंच असतं, आणि डायरीत 'काय प्यायलं' चा वेगळा रकाना. माणसं खोटं बोलतात हे माझं मत कायम आहे. फक्त त्यांची वही तपासण्याआधी मी आता माझा कागद तपासते.