वाक्य खरं हवं

टायपिंगच्या क्लासात किस्से घडत नाहीत. खटखट खटखट, तास संपला, मुली घरी. पेणला इतकी वर्षं क्लास चालवला, पण सांगण्यासारखं काही झालं असेल तर शपथ. मग नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला शनिवार-रविवारची रिकामी जागा मी वैद्य सरांना इंग्रजी बोलायच्या क्लासला दिली. तेव्हापासून माझ्याकडे इतकं साठलंय की मी तोंड उघडलं की नवरा रेडिओ लावतो. म्हणून तुम्हाला सांगते.

सर रोह्याचे, शाळेतून रिटायर झालेले. त्यांचं म्हणणं एकच. इंग्रजीत विशेषण एकटं फिरत नाही, त्याला शेपूट असतं. अफ्रेडला ऑफ, गुडला ॲट, रेडीला फॉर. "पाठ करू नका, विसराल. मी विशेषण देतो, तुम्ही स्वतःबद्दल वाक्य करा. वाक्य खरं हवं. खोटं मी तपासणारच नाही. आणि इथलं बोलणं इथेच राहील."

इथेच राहील म्हणे! पेणमध्ये!

०००

पहिल्याच दिवशी 'अफ्रेड' आलं. सुनील पाटील उभा राहिला. रोह्याच्या एका केमिकल कंपनीत ऑपरेटर, प्रमोशनच्या मुलाखतीसाठी इंग्रजी शिकायला आलेला. आता हा बायकोचं नाव घेणार आणि सगळे हसणार, असं मी धरूनच चालले होते.

"आय ॲम अफ्रेड ऑफ लॅडर."

हा माणूस रोज उंच टाक्यांवर शिड्या चढतो! सरांनी विचारलं, "कंपनीत सांगितलं नाहीस?"

"कोणाला सांगू, सर? हसतील ना."

दोन दिवसांनी मी मासळी बाजारात गेले तर माझी नेहमीची कोळीण वाटा लावता लावता म्हणते, "बाय, तो शिडीला घाबरतो तो तुमच्याच क्लासात हाय ना?" माझ्या हातातली पिशवीच खाली पडली. शनिवारी मी सगळ्यांना फैलावर घेतलं, पण कबूल कोण होणार?

पुढे मुलाखत झाली. साहेबांनी विचारलं, तुझ्यात कमी काय आहे? उत्तर त्याने घोकून नेलं होतं, पण तोंडाला खऱ्याची सवय लागलेली, शिडीच बाहेर पडली. रडकुंडीला येऊन परत आला. आणि ऑर्डर हातात पडली ती कंट्रोल रूमची. तळमजल्यावर. साहेब म्हणाले होते, "एवढा घाबरतोस आणि कधी एक पाना खाली पाडला नाहीस. लक्ष देणारा माणूस दिसतोस." सुनील पेढे घेऊन आला तरी मला ते खरं वाटेना.

०००

पेणजवळच्या जोह्याचे दत्ताराम आणि वंदना म्हात्रे, नवरा-बायको दोघंही यायचे. गणपतीचा कारखाना. परदेशातल्या मंडळांची माणसं मूर्ती बघायला यायची, त्यांच्याशी चार शब्द बोलता यावेत म्हणून. दत्तारामच्या मूर्तीचे डोळे म्हणजे काय सांगू, आपण जिथे उभे राहू तिथे बघतात. आमच्या घरचा गणपतीसुद्धा त्यांच्याकडचाच.

त्या दिवशी 'गुड ॲट' होतं. दत्ताराम ऐटीत म्हणाले, "आय ॲम गुड ॲट आईज."

बाजूला वंदना खाली मान घालून बसली होती. ती तशीच म्हणाली, "खोटं हाय, सर."

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या.

"डोले मी करतंय. यांचा हात थरथरतंय, कवाधरनं."

मी आ वासून बघत राहिले. इतकी वर्षं मी त्या डोळ्यांपुढे हात जोडून दत्तारामचं कौतुक करत होते! आता घरी जाऊन महाभारत होणार, उद्यापासून एकजण येणार नाही, असं वाटलं. दत्ताराम आपल्या हाताकडे बघत होते. मग सरांना म्हणाले, "सर, जेलसला काय लागतं?"

"ऑफ."

"आय ॲम जेलस ऑफ वाइफ्स हॅंड."

"करेक्ट," सर म्हणाले. त्या वर्षापासून गिऱ्हाईक आलं की दत्ताराम आधी वंदनाला हाक मारतात.

०००

वंदना मात्र त्या दिवसानंतर फारच धीट झाली. एकदा सरांनाच म्हणाली, "तुमी पन करा की एक." फाँड ऑफचा दिवस होता. सर म्हणजे पांढरा सदरा, कपाळावर आठी, हसायचे नाहीत.

"आय ॲम फाँड ऑफ अदर पीपल्स क्वॉरल्स."

दुसऱ्यांची भांडणं! आणि शांतपणे खुलासाही केला. रोह्याहून पेणला यायला रेल्वेगाडी आहे, तरी ते एस.टी.ने येतात, कारण एस.टी.त भांडणं जास्त होतात. खिडकीची जागा ते मुद्दाम सोडून देतात, तीवरून दोघांची जुंपते म्हणून. एवढ्या थोर माणसाबद्दल आता मी काय बोलणार?

०००

मीही सुटले नाही. मी टेबलाशी बसून लांबून ऐकत होते तर सर म्हणाले, "बाई, वरीड अबाउट."

"आय ॲम वरीड अबाउट कॉम्प्युटर," मी म्हणाले.

झालं. नुकताच समोरच्या इमारतीत कॉम्प्युटर क्लासचा बोर्ड लागला होता आणि मी महिनाभर तिकडे बघतच नव्हते. नवऱ्यालाही बोलले नव्हते. आणि हे मी भर वर्गात, तेही इंग्रजीत बोलून गेले.

०००

पण ज्या वाक्याने वर्गाला खरा धक्का बसला ते नसीमाचं. नसीमा पेणचीच. नवरा इक्बाल लग्नापासून मस्कतला. दोन वर्षांनी एकदा यायचा, सुट्टी संपली की जायचा. आता त्याने तिकडे घर बघितलं होतं, व्हिसाचं काम होत आलं होतं. या खेपेला तो तिला घेऊनच जाणार होता, आणि तिकडे अडायला नको म्हणून तिला आमच्या क्लासात घातलं होतं. सगळ्यांत हुशार तीच.

'रेडी फॉर'च्या दिवशी ती उठली. "आय ॲम नॉट रेडी फॉर मस्कत."

वंदना म्हणाली, "त्यांना बोललीस का गो?"

"कसं बोलू? फोन एस.टी.डी. बूथवरनं. बूथवाला कान लावून बसतो. आणि त्यांनी एवढं केलंय माझ्यासाठी. ते विचारतात, खुश हायस ना? मी म्हणते, व्हय."

तिचे वडील थकलेले, तिच्या हातचं जेवायचे. तिला इथून हलायचंच नव्हतं. पण नवऱ्याची इतक्या वर्षांची उमेद एका शब्दाने कशी मोडायची? ती रडली नाही, हे मला जास्त लागलं.

आश्चर्य म्हणजे एवढी एक गोष्ट वर्गाबाहेर गेली नाही. मी मासळी बाजारात मुद्दाम दोन फेऱ्या मारून आले.

०००

आणि इक्बाल आला. रविवारी सकाळी सरळ नसीमाबरोबर क्लासातच. उंच, हसरा, अत्तराचा घमघमाट, सगळ्यांना खजूर वाटले. "बघू या आमची बाई काय शिकली," म्हणाला आणि माझ्या टायपिंगच्या स्टुलावर बसला. नसीमाचा चेहरा पांढरा पडला होता. चार दिवसांनी तिकिटं निघायची होती.

सर माणूस जाणणारे. त्यांनी तिला सगळ्यांत सोपं दिलं. "फेमस फॉर. पेणबद्दल सांग." गणपती म्हण आणि बस, अशा नजरेने आम्ही सगळे तिच्याकडे बघत होतो.

नसीमा उभी राहिली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"सर, मला रेडी द्या."

वंदनाने माझा हात धरला.

"आय ॲम नॉट रेडी फॉर मस्कत."

खाली रस्त्यावर टेम्पो हॉर्न मारत होता. इक्बालचं हसू तोंडावर तसंच राहिलं, पण डोळ्यांतून गेलं. आता हा उठणार, तिला हाताला धरून खाली नेणार, असं मला वाटलं. तो खरंच उठला.

"सर, टायर्डला काय लागतं?"

"ऑफ," सर म्हणाले.

इक्बालने एकदा घसा साफ केला. "आय ॲम टायर्ड ऑफ मस्कत."

नसीमा त्याच्याकडे वळली. भर वर्गात, आम्हा सगळ्यांदेखत, पहिल्यांदा तिचा आवाज चढला.

"मंग इतकी वर्सं मला सांगितलंव का नाय?"

तो खाली बघत होता.

"आपल्या बोलीत सांगायला गेलो असतो ना," तो म्हणाला, "तं रडलो असतो."